एकास किती?

अण्णांच्या हातात कुठलंही ड्रॉइंग द्या, पहिला प्रश्न ठरलेला. "एकास किती?" घर कुणाचं, गावातलं की शहरातलं, किती मजली, हे सगळं मागून. आधी प्रमाण. उत्तर द्यायला जरा उशीर झाला तर ते कागद टेबलावर ठेवायचे आणि चहाला निघून जायचे.

मी १९९८ साली कोल्हापुरातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागले. आयटीआयची दोन वर्षं, ड्राफ्ट्समन सिव्हिल, म्हणजे बांधकामाचे नकाशे काढणं. वर्गात आम्ही चौघीच मुली होतो. ऑफिसात दोन कॉम्प्युटर होते, त्यात ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं रिलीझ चौदा. खिडकीपाशी मात्र अण्णांचा बोर्ड तसाच होता. ट्रेसिंग पेपर, रॉटरिंगची पेनं, अर्धं झिजलेलं खोडरबर आणि चुकीची रेघ खरवडायला दाढीचं ब्लेड. अण्णा आमचे हेड ड्राफ्ट्समन. कॉम्प्युटरला त्यांचा विरोध नव्हता. फक्त ते त्याला टीव्ही म्हणायचे.

बोर्डावर काम करणाऱ्याला "एकास किती" हा प्रश्न टाळताच येत नाही. ए-वन कागद ८४१ बाय ५९४ मिलिमीटर. डावीकडे फायलीसाठी २० मिलिमीटर सोडायचे, बाकी तिन्ही बाजूंना १०, खाली उजव्या कोपऱ्यात नावाची चौकट. उरलेल्या जागेत तळमजला, वरचा मजला, एलिव्हेशन म्हणजे बाहेरून दिसणारं घर, सेक्शन म्हणजे उभं कापून दाखवलेलं घर, साइट प्लॅन, क्षेत्रफळाचा तक्ता, सगळं मावलं पाहिजे. अण्णा पेन्सिल टेकवण्याआधी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर हिशोब करायचे. एकदा एकास शंभर ठरलं की त्यांच्यापुरता मीटर संपायचा आणि सेंटिमीटर सुरू व्हायचा. हिशोब चुकला आणि सेक्शन कागदाबाहेर निघाला तर ब्लेडने किती खरवडणार? नवा कागद घ्यायचा आणि त्या दिवशी कुणी अण्णांशी बोलायचं नाही.

मला टीव्हीवर बसवलं तेव्हा कुणीतरी सांगितलं, इथे प्रमाण विसर, सगळं एकास एक काढ. नऊ मीटरची भिंत म्हणजे नऊ हजार मिलिमीटर, तेवढीच टाईप कर. मला ते खोटं वाटलं. काळा पडदा, त्याला कड नाही, कोपरा नाही, कागद संपण्याची भीती नाही. नऊ मीटरची भिंत काढा, पलीकडे नव्वद मीटरचा रस्ता काढा, त्याच्या पलीकडे वाटलं तर पंचगंगा काढा. मावण्याचा प्रश्नच नाही. पहिले चार महिने मला त्या पडद्यात उंचावरून खाली बघितल्यासारखं व्हायचं.

कागदाची वेळ शेवटी येतेच. महापालिकेला तेव्हा पडदा चालत नव्हता. आणि इथे आम्ही जी युक्ती करायचो ती आज सांगताना हसू येतं. घर एकास एक, म्हणजे घराएवढंच मोठं. मग कागदही तेवढाच मोठा करायचा! ए-वनची चौकट शंभर पट फुगवायची आणि घराभोवती आणून ठेवायची. ८४ मीटर लांब, ५९ मीटर रुंद कागद. लग्नाचा मांडव नाही होत एवढा. त्या कागदावर अक्षरं लिहायची तीही शंभर पट. छापल्यावर अडीच मिलिमीटर दिसायला हवं तर उंची २५० मिलिमीटर द्यायची. "स्वयंपाकघर" हा शब्द खऱ्या स्वयंपाकघरात उभा केला असता तर ओट्यावरून पलीकडे गेला असता.

हे एका प्रमाणापुरतं चालतं. पण त्याच शीटवर संडास-बाथरूमचा तपशील एकास पन्नासने हवा असेल तर? मग बाथरूमची कॉपी काढून ती दुप्पट मोठी करायची. पण मग मापं दुप्पट येतात. त्यावर तोडगा असा की माप दाखवताना निम्मं करून दाखव, असं सॉफ्टवेअरलाच सांगून ठेवायचं. म्हणजे भिंत खोटी, तिच्यावरचं माप खोट्याचं खोटं आणि दोन्ही मिळून उत्तर बरोबर. सहा वर्षं मी हे केलं आणि मला ते कौशल्य वाटत होतं.

खरी गोची कॉप्यांची. एका बंगल्याच्या प्लॅनची मी तीन पिल्लं काढायची. एक बांधकामाचं, एक इलेक्ट्रिकचं, एक प्लंबिंगचं. तिन्ही त्याच काळ्या मैदानात शेजारी शेजारी. मालकीणबाईंनी सांगितलं, बेडरूमचं दार उजवीकडे उघडू दे. मी बांधकामाच्या प्लॅनमध्ये दार फिरवलं. दुसऱ्या दोन प्लॅनमध्ये राहून गेलं. तीन महिन्यांनी साइटवर गेले तर स्विचबोर्ड बरोबर दाराच्या मागे. दिवा लावायचा तर खोलीत शिरा, दार लावा आणि मग अंधारात चाचपा. वायरमनने त्याच्या कागदाप्रमाणे केलं होतं, गवंड्याने त्याच्या. दोघांचे कागद मीच काढलेले. भिंत फोडून पाइप हलवायचा खर्च साहेबांनी सोसला. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

२००४ साली ऑफिसात एक नवी मुलगी आली. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आणि माझी फाइल उघडून तिने निरागसपणे विचारलं, "ताई, लेआउट का नाही वापरत?"

मला राग आला. खालच्या बाजूला मॉडेल, म्हणजे माझा नेहमीचा काळा पडदा, आणि त्याच्या शेजारी लेआउट एक, लेआउट दोन असे टॅब असतात हे मला दिसत होतं. चुकून क्लिक झालं की पांढरा कागद उघडायचा, त्यावर एक चौकोन, चौकोनात माझं घर भलत्याच आकाराचं. मी घाबरून परत मॉडेलमध्ये पळायचे. पेपर स्पेस, म्हणजे हा वेगळा कागद, ही गोष्ट ऑटोकॅडमध्ये १९९० च्या रिलीझ अकरापासून होती. रिलीझ चौदात तो कागद एकच मिळायचा, ऑटोकॅड २००० पासून हवे तितके लेआउट करता यायला लागले. म्हणजे चौदा वर्षं ती सोय उंबऱ्याशी उभी होती आणि मी मांडवाएवढे कागद फुगवत बसले होते.

तिने करून दाखवलं. लेआउटमधला कागद खराखुरा असतो, ए-वन म्हणजे ए-वन. अक्षर अडीच मिलिमीटर हवं तर अडीचच लिहायचं. त्या कागदावर एक चौकोन ओढायचा, तो व्ह्यूपोर्ट. चौकोनाच्या आत डबल क्लिक केलं की कड जाड होते, म्हणजे आपण कागदातून आत, मॉडेलमध्ये गेलो. आत झूम करताना एक भागिले शंभर आणि पुढे एक्सपी असं टाईप करायचं. घर झपकन त्या चौकोनात एकास शंभरने बसतं. बाहेर डबल क्लिक केलं की पुन्हा कागदावर. शेजारी दुसरा चौकोन ओढा, त्यात एकास पन्नास द्या, सरकवत सरकवत बाथरूम मधोमध आणा. बाथरूम तेच. कॉपी नाही, फुगवणं नाही, खोटं माप नाही.

अण्णा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "म्हणजे कागदाला भोकं पाडून मागचं घर बघायचं." आजवर मी निदान पंधरा पोरापोरींना व्ह्यूपोर्ट शिकवला असेल, याच्यापेक्षा सोपं वाक्य मला सापडलेलं नाही. आणि लगेच पुढचा प्रश्न आलाच. "भोकातून दिसतंय ते एकास किती, हे कोण बघणार?"

त्या दिवशी मला लागलं ते वेगळंच. बोर्डावर प्रमाण पहिल्या रेघेआधी ठरायचं. आम्ही ते शेवटच्या दिवशी, छापताना ठरवत होतो. मधल्या काळात आपण किती जवळून बघतोय याचं भानच राहायचं नाही. माउसचं चाक फिरवलं की दाराची बिजागरी दिसते, उलट फिरवलं की अख्खी कॉलनी. पडद्यावर सगळंच मोठं होऊ शकतं, म्हणून मी दाराच्या मुठी, नळाच्या तोट्या, सोफ्याच्या उशांच्या शिवणी काढत बसायचे. एकास शंभरने छापलं की त्या सगळ्याचा काळा डाग. अण्णांनी आयुष्यात कधी बिजागरी काढली नाही. कागदावर तिला जागा नाही हे त्यांना पहिल्या दिवशी माहीत असायचं.

तर व्ह्यूपोर्ट शिकले आणि नवशिक्याच्या उत्साहात पहिला मोठा घोळही केला. चौकोनाच्या आत शिरून झूम केलं की प्रमाण हलतं. म्हणून एकदा बसवलं की लॉक करायचं असतं. व्ह्यूपोर्ट निवडला की त्याच्या गुणधर्मांत डिस्प्ले लॉक्ड म्हणून एक ओळ असते, तिथे होय करायचं. मला ते माहीत होतं. पण शीट अजून बदलतंय, उद्या करू, असं करत राहून गेलं. मग एका संध्याकाळी खिडकीची चौकट नीट बघायला मी आत शिरले, झूम केलं, बघितलं आणि परत अंदाजाने पूर्वीइतकं लहान करून ठेवलं. डोळ्यांना फरक दिसला नाही. शीटवर तर मोठ्या अक्षरात १:१०० लिहिलेलं होतंच.

साइटवरच्या मिस्त्रीला कॉलमपासून खिडकीचं माप हवं होतं, आणि मी ते लिहायची राहिले होते. त्याने टेप कागदाला लावला. चार पूर्णांक तीन सेंटिमीटर. एकास शंभर, म्हणजे चार मीटर तीस. त्याचं काहीही चुकलं नाही. ते माप साडेचार मीटर होतं. गुणधर्मात जिथे ०.०१ असायला हवं होतं तिथे ०.००९६ असा आकडा मला दुसऱ्या दिवशी सापडला. माझा कागद एकास शंभर नव्हता, साधारण एकास एकशेचार होता. वीस सेंटिमीटर खिडकी सरकली. बाहेरून कुणाला कळत नाही, मला मात्र त्या रस्त्याने जाताना अजून कळतं.

शीटवर आपण सगळेच छापतो, "लिहिलेली मापेच घ्यावीत, ड्रॉइंग मोजू नये." वकिली वाक्य आहे ते. साइटवर उन्हात उभा असलेला माणूस माप सापडलं नाही तर मोजणारच. त्याला कागद मोजता आला पाहिजे, नाहीतर प्रमाण लिहिता कशाला?

लॉक करायची सवय मग लागली ती लागलीच. लेयर म्हणजे ड्रॉइंगचे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर. व्ह्यूपोर्टची कडही डेफपॉइंट्स नावाच्या लेयरवर टाकायची, तो लेयर पडद्यावर दिसतो पण छापला जात नाही. त्याआधी माझ्या प्रत्येक शीटवर प्लॅनभोवती एक काळा चौकोन यायचा आणि महापालिकेतले लोक विचारायचे, ही कंपाउंड वॉल का?

पण मला सगळ्यात भावलं ते व्हीपी फ्रीझ. मॉडेलमध्ये घर एकच, त्यात सगळं भरलेलं. भिंती, दारं, वायरी, नळ, फर्निचर, मापं. आणि प्रत्येक व्ह्यूपोर्टला सांगायचं, तुला हे हे दिसणार नाही. वायरमनच्या शीटवर नळ गोठवलेले, प्लंबरच्या शीटवर वायरी. दार फिरवलं की तिन्ही शीटवर आपोआप फिरतं. २००८ च्या आवृत्तीपासून तर एकाच लेयरला वेगवेगळ्या व्ह्यूपोर्टमध्ये वेगळा रंगही देता येतो. मंजुरीला द्यायच्या सबमिशनच्या शीटवर नवं बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळं, पाण्याची लाइन निळ्या तुटक रेघेची. त्याच भिंती साइटच्या शीटवर मुकाट काळ्या.

फिरवण्याबद्दल एवढंच सांगते, कारण ही चूक अजून रोज होते. प्लॉट रस्त्याला तिरका असतो, कागदावर घर तिरकं दिसतं, साहेब म्हणतात सरळ करा. पोरं अख्खं ड्रॉइंग निवडतात आणि रोटेट मारतात. टोटल स्टेशनने, म्हणजे जमीन मोजायच्या यंत्राने, आणलेले सगळे कोऑर्डिनेट गेले. नंतर त्याच फाइलवरून लाइनआउटचे, म्हणजे जमिनीवरच्या आखणीचे, आकडे काढले की कॉलम शेजाऱ्याच्या हद्दीत. जमीन फिरवायची नसते. व्ह्यूपोर्टच्या आत जाऊन अक्ष तिरका करायचा आणि प्लॅन ही कमांड द्यायची, नजर फिरते, जमीन जागच्या जागी. उत्तरेचा बाण काय तो तिरका होईल. होऊ दे.

आता घरची गोष्ट.

मिरजेजवळच्या आमच्या गावात घर आहे, नऊ खणांचं. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. आमच्याकडे घर सांगायचं तर खणांत सांगतात, फुटांत नाही. वडील आणि दोन काका, थोरले काका गेले, त्यांच्या जागी चुलतभाऊ. तीन हिस्से, तीन-तीन खण. "त्यात मोजायचं काय?" असं वडिलांचं म्हणणं. पण वाटणीपत्राला नकाशा जोडायचा तर मोजायला हवं, आणि घरात ड्राफ्ट्समन असताना बाहेरच्याला पैसे कशाला? मी आणि भाऊ टेप घेऊन दोन दिवस मोजत होतो. दर्शनी बाजू ४२ फूट, खोली ५०. भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन-दोन फूट जाड. एकही कोपरा काटकोनात नाही. माजघराचे दोन कर्ण मोजले तर सात इंचांचा फरक. (हिस्से तीनच कसे, असं एखादी वाचक विचारेल. मी आणि आत्यांनी आधीच हक्कसोडपत्रावर सह्या केल्या होत्या. नकाशावर माझं नाव आहे, खाली उजवीकडे, "आरेखन" या शब्दापुढे.)

घर मॉडेलमध्ये उभं राहिलं. मग मी माझ्या सगळ्या कसबाने तीन लेआउट केले, ए-थ्री, एकास पन्नास. प्रत्येकात व्ह्यूपोर्ट ज्याच्या त्याच्या हिश्श्याच्या आकारात कापलेला, बाकीचं घर गोठवलेलं. प्रत्येकाच्या कागदावर फक्त त्याचं. स्वच्छ, सुटसुटीत. सगळे व्ह्यूपोर्ट लॉक. भावाला पीडीएफ पाठवली, त्याने मिरजेत झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट मारून तिघांना वाटल्या.

तिसऱ्या दिवशी चुलतभावाचा फोन. तो आयटीआय फिटर, कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी, मायक्रॉनमध्ये विचार करणारा माणूस. "ताई, आपलं ठरलं चौदा फूट. तुझ्या कागदावर सव्वातेरा भरतात." मी म्हटलं शक्यच नाही. तो म्हणाला, "स्टीलच्या पट्टीने मोजलंय. एक्क्याऐंशी मिलिमीटर. गुणिले पन्नास. कर हिशोब."

मी केला. ४ मीटर ५ सेंटिमीटर. खरोखर सव्वातेरा फुटांच्या थोडं वर. संध्याकाळपर्यंत गावात बातमी होती की ताईने थोरल्या घराचे आठ इंच खाल्ले.

रात्री भावाने प्रिंट मोजून सांगितली तेव्हा उलगडा झाला. दुकानदाराने पीडीएफ छापताना पानात बसवा हा पर्याय तसाच ठेवला होता, त्यामुळे सगळं पाच टक्क्यांनी लहान झालं होतं. माझं लॉक फाइलमध्ये शाबूत होतं. प्रिंटरला त्याचं काय? आणि गंमत म्हणजे तिघांचेही हिस्से सारखेच आखडले होते. काकांचे आठ इंच गेले होते, वडिलांचेही गेले होते. पण मी प्रत्येकाला फक्त त्याचाच भाग दाखवला होता. दुसऱ्याचं मोजून बघायला कागदावर दुसरा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी मी चौथा लेआउट केला. सगळे लेयर चालू, अख्खं घर, तिन्ही हिस्से तीन रंगांत. तेही ए-थ्रीवर, म्हणून एकास शंभर. आणि त्याच्या खाली, अण्णा प्रत्येक ड्रॉइंगखाली काढायचे तशी, काळ्या-पांढऱ्या खणांची आडवी पट्टी. शून्य, पाच, दहा, पंधरा फूट. आम्ही त्या पट्टीला हसायचो, १:१०० लिहिलंय ना, मग पट्टी कशाला. शाळेत भूगोलात शिकलो होतो की, शब्दप्रमाण, अंकप्रमाण, रेषाप्रमाण, आणि नकाशा लहान-मोठा केला तर तिसरंच तेवढं खरं राहतं. एका मार्काचा प्रश्न असायचा. पट्टी नकाशाबरोबर आखडते.

रविवारी मी स्वतः प्रिंट घेऊन गावी गेले. मुद्दाम त्याच दुकानातून, त्याच पानात बसवलेल्या. सोप्यात सतरंजीवर कागद पसरला. चुलतभावाने खिशातून स्टीलची पट्टी काढली, तेव्हा मी म्हटलं, ती ठेव. अंगणातल्या खराट्याची एक काडी आणून दिली. त्याने ती कागदावरच्या पट्टीला लावली, पाच फुटांवर नखाने खूण केली, आणि आपल्या हिश्श्याच्या रेघेपासून काडी सरकवत निघाला. पाच. दहा. उरलेलं परत पट्टीवर नेऊन बघितलं. काका वाकून बघत होते. मग काडी त्यांनी मागून घेतली, आपला हिस्सा मोजला, आणि कुणी न सांगता वडिलांचाही.

"चौदा भरले," चुलतभाऊ म्हणाला. सगळे जरा सैलावले. आई चहा टाकायला उठली.

त्याने काडी परत घेतली आणि त्याच्या आणि काकांच्या मधल्या भिंतीच्या जाडीवर आडवी धरली. हिश्श्याची रेघ मी त्या भिंतीच्या मधोमध नेली होती.

"पण काका, ह्या चौदात एक फूट तर भिंतच आहे की."